दोन खोडून शून्य

मी फॉर्म क्रमांक तेवीस. गठ्ठ्यात सगळ्यात चुरगळलेला दिसतो तो मीच. बाकीचे एकोणचाळीस इस्त्री केल्यासारखे आहेत, कारण त्यांच्यावरून कुणी भांडलं नाही.

माझा जन्म कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. आम्ही चाळीस भावंडं एका मिनिटात बाहेर पडलो, गरम गरम. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या प्रकल्पासाठी आम्हाला काढलं होतं. मैत्रिणी तिला ठिणगी म्हणतात. आमच्या अंगावर मुख्य प्रश्न दोनच. घरात वापरात असलेली करमणुकीची उपकरणं किती? आणि वापरात असलेली घरकामाची किती? एका प्रकारची वाढली की दुसऱ्या प्रकारचीही वाढतात का, हे ठिणगीला शोधायचं होतं. तिच्या सरांना मात्र ते आधीच सापडलं होतं. ‘वाढतात’ असा निष्कर्ष त्यांनी टाइप करून ठेवला होता, फक्त माहिती यायची बाकी होती.

ठिणगीने मला क्लिपबोर्डला लावलं आणि एका तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबली. बेलने एक अख्खी धून वाजवली. ती संपेपर्यंत कुणी दार उघडलं नाही. मग काका आले.

“विजेच्या उपकरणांचा सर्व्हे? मग अगदी योग्य घरात आलीस!”

काकांनी तिला घरभर फिरवलं. टीव्ही दोन, स्पीकर सहा, रेडिओ दोन, अ‍ॅम्प्लिफायर एक.

“अकरा झाले,” ठिणगी म्हणाली.

“बेल धर. बारा होतील.”

“बेल नाही धरत, काका. घरकामाची किती?”

“वॉशिंग मशीन एक, मिक्सर एक. लिही दोन.”

तिने लिहिलं. माझ्या पोटावर टपोरा निळा दोन उमटला. मला तो फार शोभत होता.

तेवढ्यात बाल्कनीतून कपडे आपटल्याचा आवाज आला. ठिणगीने डोकावून पाहिलं. काकू बादलीशी खाली बसून, वाकून चादर धूत होत्या. त्यांच्या शेजारीच वॉशिंग मशीन होतं, नवं कोरं. त्यावर अ‍ॅम्प्लिफायर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर दोन स्पीकर. बाल्कनीतल्या एकुलत्या एका प्लगमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची पिन.

“काकू, मशीन बिघडलंय का?”

“बिघडायला ते चालवावं लागतं, बाई. चार वर्षांत त्यात एक रुमाल गेलेला नाही.”

“स्पीकर खाली ठेवला की आवाज दबतो,” काकांनी समजावलं.

“आणि माझी कंबर दबते ती?”

“मिक्सर तरी चालतो ना?” ठिणगीने विचारलं.

“तो जळून माळ्यावर पडलाय. दोन वर्षं हे दुरुस्तीला नेतायत.”

“मग वापरात शून्य,” ठिणगी म्हणाली.

काका खवळले. “शून्य कसं? मशीन वापरात आहे की! स्पीकर ठेवायला वापरतो ना आम्ही!”

ठिणगीने दोनवर काट मारली आणि शेजारी असं ठासून शून्य काढलं की माझ्या अंगाला भोक पडलं. दुखलं, पण खरं सांगतो, त्या दोनचं ओझं माझ्यानेही पेलवत नव्हतं.

कॉलेजात आलेख काढला, आडवी करमणूक आणि उभं घरकाम. एकोणचाळीस ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रेषेजवळ उभे. मी मात्र उजवीकडे पार तळाला, एकटा.

“ही काय माशी बसलीय?” सरांनी विचारलं.

“घर आहे, सर.”

“काढून टाक. रेषा बिघडते. आणि यात खाडाखोड आहे. खोडलेल्या जागी माहिती देणाऱ्याची सही नसेल तर फॉर्म बाद. दुसऱ्या एखाद्या घरातून नवा भरून आण.”

त्यांनी मला चुरगळून टोपलीत टाकलं. माझा शेवट तिथेच व्हायचा. पण सही असेल तर फॉर्म चालतो, हे सर स्वतःच बोलून बसले होते. ठिणगीने मला उचललं, मांडीवर ठेवून सरळ केलं आणि पुन्हा तिसरा मजला गाठला.

“शून्यावर सही?” काका म्हणाले. “आमच्या घराची काही इभ्रत आहे की नाही? दोनवर करतो.”

“मी करते,” काकू बाल्कनीतून आल्या.

“कुटुंबप्रमुख मी आहे!”

“इथे ‘माहिती देणारी व्यक्ती’ असं छापलंय, काका,” ठिणगी म्हणाली. “माहिती काकूंनी दिली. तुम्ही जाहिरात दिली.”

काकूंनी ओल्या हाताने सही केली. शाई फुटली, माझ्यावर निळं तळं झालं.

“फॉर्म ओला आहे,” कॉलेजात सर कुरकुरले.

“तो पुरावा आहे, सर.”

ठिपका राहिला. सरांच्या निष्कर्षात ‘वाढतात’च्या आधी ‘बहुधा’ आला. तो ‘बहुधा’ माझा आहे.

प्रकल्पांच्या प्रदर्शनाला ठिणगीने काका-काकूंना बोलावलं. काका आलेखासमोर थांबले आणि तळाच्या ठिपक्याकडे बोट दाखवून मोठ्याने हसले.

“हे कुठलं येडं घर गं? वाजवायला अकरा आणि कामाला एकही नाही! त्या बाईचे काय हाल!”

“नाव सांगता येत नाही, काका. गुप्त असतं.”

“मला येतं,” काकू म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची फाइल उघडली आणि मला काकांसमोर धरलं.

काकांनी निळं तळं पाहिलं. त्यातली सही ओळखली. आलेखाकडे, माझ्याकडे आणि काकूंकडे आळीपाळीने बघितलं. मग हळूच म्हणाले, “पण मग स्पीकर ठेवायचा कुठे?”

“खाली,” काकू म्हणाल्या. “मी धुवायला बसते तिथे. जागा मोकळी होईल.”

आता मी फाइलीत असतो. मोठ्या माणसांना एवढंच सांगणं आहे, की रेषा सरळ दिसावी म्हणून आमच्यासारख्यांना टोपलीत टाकू नका. आणि ठिणगी, त्या बाल्कनीतल्या प्लगमध्ये मशीनची पिन गेली की ये. माझ्या शून्यावर खुशाल काट मार, शेजारी एक लिही. भोक पडलं तरी चालेल. फक्त सही काकूंची घे, आणि या वेळी कोरड्या हाताची.