तक्त्याची शेवटची ओळ

धरणगावात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या नासीरला बाजारातले लोक हसत. कारण साधी वस्तू विकतानाही तो गिऱ्हाइकापुढे दोन रकान्यांचा तक्ता ठेवी आणि खाली सही घेई. चूक होण्याआधीच निर्दोषत्वाचा पुरावा तयार ठेवावा, हे शहाणपण काही माणसांना वारशात मिळतं. इतरांना त्याची गरज पडत नाही.

शेजारच्या भूपेंद्रभाऊंना मोबाईलवरचं टीव्हीवर पाहायचं होतं. टीव्हीला जोडायची दोन यंत्रं होती, स्टिक आणि डोंगल; नासीरनं त्यांची रीतसर तुलना लिहून दिली. स्टिकला स्वतःचा रिमोट, पण घरात वायफाय हवं. डोंगलला वायफाय नको. फोनवर दिसेल ते जसंच्या तसं टीव्हीवर उमटतं. शेवटची ओळ अशी होती: डोंगल कोड विचारत नाही, भिंतीपलीकडचा फोनही जोडला जाईल. वायफायची कटकट कोण करतो, म्हणत भाऊंनी डोंगल निवडलं आणि हसत सही केली. तसंच एक नासीरच्या घरीही होतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी एकादशी आली. दुपारी धुळ्याहून नासीरची बायको जमीला हिच्या बहिणीनं कुर्बानीचं गोश्त कापतानाचा व्हिडिओ पाठवला. मोठ्या पडद्यावर लावा, असं जमीला नवऱ्याला म्हणाली. फोनच्या यादीत एकाच नावाची दोन डोंगलं दिसली. नासीरनं वरच्या नावावर बोट ठेवलं.

समोरचा टीव्ही काळाच राहिला. मग सामाईक भिंतीतून मेहुणीचा आवाज आला, पाठोपाठ हाडावर पडणाऱ्या सुऱ्याचा. पलीकडे भाऊंच्या टीव्हीवर बायका जमून कीर्तन पाहत होत्या. ते कीर्तन बंद पडलं होतं.

नासीरनं फोन बंद करेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. जमीलानं दाराला कडी घातली. वीस वर्षांत या भिंतीतून नासीरनं खोकला ऐकला होता, भांडणं ऐकली होती, दोन बाळंतपणं ऐकली होती. शांतता आज पहिल्यांदा ऐकली. गल्लीत चपला वाजू लागल्या. मग कडी वाजली.

दारात भूपेंद्रभाऊ, मागे दहा-बारा जण. यंत्राचा दोष, भाऊ, एवढं म्हणून नासीरनं आपल्याकडची तक्त्याची प्रत पुढे केली. याच क्षणासाठी तर तो आयुष्यभर सह्या घेत आला होता.

भाऊंनी कागद सावकाश वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथून खाली, सहीपर्यंत, गेलं नाही. आजवर ते त्याला नासीरभाई म्हणत, अहोजाहो करत.

"म्हणजे तुले बठ्ठं मालूम व्हतं," ते शांतपणे म्हणाले.

त्यांनी कागद मागच्याच्या हाती दिला. तो हातोहात मागे सरकत गेला. जो तो शेवटची ओळ वाचून मान वर करत होता, आणि ज्याला सगळं आधीच ठाऊक होतं त्या नासीरकडे पाहत होता.