भाताचा टोप

“काका, वाडीत आता तुम्हीच राहिलात,” मृणाल म्हणाली. तिच्या रेनकोटवरचं पाणी विठोबाच्या ओटीवर ठिबकत होतं. “दुपारनंतर वादळ किनाऱ्याला लागतंय. इव्हॅक्युएशन पूर्ण झालं म्हणून मला तळ्याच्या, म्हसळ्याच्या कचेरीला, सगळीकडे कळवायचंय.”

“मग कळव की. मी काय न्हाय म्हणून सांगायला येतोय?”

मृणाल आमच्या गावची तलाठी. विठोबा त्याच गावचा निवृत्त कोतवाल.

‘इव्हॅक्युएशन’ हा शब्द वाडीत आला तो विठोबाच्या निवृत्तीच्या सुमारास. त्याआधी त्याला नुसतं ‘वर जाणं’ म्हणत. समुद्र चढला की टेकडीवरच्या शाळेत जायचं, उतरला की यायचं. आता शब्द चांगलाच रुळलाय. इव्हॅक्युएशनची खिचडी वेगळी लागते. वाडीतल्या परेशचा धाकटा इव्हॅक्युएशनातला आहे. मासळीच्या भांडणात बायका एकमेकींना “तुजं इव्हॅक्युएशन होवो” म्हणतात. इंग्रजी कोशात अर्थ दिलाय : धोक्याच्या जागेवरून माणसं हलवणं. कशी हलवायची, त्याबाबत कोश गप्प आहे.

कोतवाल असताना वाडी वर न्यायचं काम विठोबाचं; तो कुणालाही चला म्हणत नसे. थेट स्वयंपाकघरात शिरायचा, चुलीवरचा भाताचा टोप उतरवायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोप, आणि टेकडीची वाट धरायचा. मागून घरची बाई पळी घेऊन शिव्या देत. तिच्यामागे पोरं, पोरांमागे कुत्रं, आणि सगळ्यात शेवटी घरधनी. भात वर गेल्यावर तो खाली बसून करणार काय? विठोबा मागे वळून बघत नसे. बघितलं की लोक वाद घालायला थांबतात, असं त्याचं म्हणणं.

स्वतःच्या घरी तो सगळ्यात शेवटी यायचा. त्याची बायको नीराबाई तयार असायची, पण हलायची नाही.

“साऱ्या वाडीचा भात उचललास, माजाच तेवढा जड हाय व्हय?”

मग तो तिचाही टोप उचलायचा. ती चार पावलं मागून झाकण घेऊन चालायची, कारण झाकण त्याला कधीच सुचलं नाही.

नीराबाई यंदा शिमग्यानंतर गेली. तेव्हापासून चूल थंड. डबा शेजारच्या आवडाबाईकडून येतो.

मृणालने पनवेलला त्याच्या मुलाला, कमलेशला, फोन लावून दिला. विठोबाने तीनदा “बरं बरं” म्हटलं आणि फोन कुठे दाबून बंद करतात ते विचारलं.

“काका, मी तुम्हाला इथे सोडून जाऊ शकत नाही.”

“या घरातून वर न्यायचं असं आता काय ऱ्हायलंय, पोरी?”

लाटा बंधाऱ्यावरून आत येऊ लागल्या होत्या.

तेवढ्यात आवडाबाई टेकडी उतरून आली. चिंब भिजलेली, पदर कमरेला खोचलेला. दोघांकडे न बघता ती सरळ आत गेली. डब्याचं झाकण वाजलं, तांदूळ धुतल्याचा आवाज आला, गॅस पेटला.

“आवडाबाय, कोनासाठी गो?” विठोबा ओटीवरूनच ओरडला.

“तुज्यासाठी न्हाय. गप बस.”

पहिली उकळी आली तशी ती बाहेर आली. डोक्यावर ओल्या फडक्याची चुंबळ, वर नीराबाईचा टोप.

“कच्चा हाय तो अजून!”

“वर शिजंल.”

“माणसं काढायची माजी रीत माज्यावरच लावतेस?”

“माजा भात तू किती येळा नेलास? येकदा तरी इचारलंस?”

आणि ती निघाली. मागे वळून बघितलं नाही. मृणाल थोडा वेळ घुटमळली, मग तीही तिच्यामागे चालू लागली.

विठोबा बसून राहिला. वाटेवर आवडाबाई लहान होत चालली होती. पाऊस सरळ टोपात पडत होता.

“अगो, झाकन!” तो ओरडला.

ती थांबली नाही.

तो उठला. मांडणीवरून झाकण शोधायला त्याला वेळ लागला. ते कुठे असतं हे त्याला कधी ठाऊक करून घ्यावं लागलं नव्हतं.

वडाच्या वळणावर त्याने तिला गाठलं आणि मागूनच टोपावर झाकण ठेवलं. टोप मागितला नाही. पुढेही गेला नाही. त्याने तिला चार पावलं पुढे जाऊ दिलं, आणि मग निघाला.