वादळाचा फर्मा

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं बोलत असेन तर हे उरलेसुरले दात आत्ता इथं, तुमच्यासमोर, या बशीत पडतील. हसू नका रे. हवं तर आधी मोजून घ्या आणि गोष्ट संपल्यावर परत मोजा.

आमच्या घरी पुस्तकं बांधायचा धंदा. खाली कारखाना, वर दोन बिऱ्हाडं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, मालक. धाकटा भाऊ कागद कापायच्या यंत्रावर, आणि मी शिवायला. छापखान्यातून मोठेमोठे छापील कागद यायचे. त्यातल्या एकेका कागदाची घडीवर घडी घातली की सोळा पानं व्हायची. त्याला म्हणायचं फर्मा. फर्मे एकावर एक रचले, शिवले, पाठीला सरस चोपडला, पुठ्ठा चढवला, की झालं पुस्तक. आणि आमचा सरस म्हणजे काय सांगू! पाण्याचं मीटर बघायला आलेला कारकून एकदा ताज्या सरसावर बसला, तो बाकासकट घरी गेला. बायकोनं विचारलं, "हे काय आणलंत?" तर म्हणाला, "पाहुणे आले की बसायला जागा नसते म्हणून तूच कुरकुरत होतीस ना!"

असो. गोष्ट सरसाची नाही, माझ्या दोन वहिन्यांची आहे.

दोघींना एका कादंबरीचं वेड होतं. एक कादंबरी नव्हे, भागावर भाग येणारी. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह, तिथला दिवेवाला, त्याची बायको, त्यांची मुलगी. वर्षाला एक भाग यायचा आणि बांधायला आमच्याकडेच यायचा. छापखाना चार कागद जास्तीचे पाठवायचा, बांधताना खराब होतात म्हणून. त्यातून एक प्रत घरची व्हायची. आता प्रत एक आणि बायका दोन. त्यांनी काय करावं? पुस्तक शिवूच द्यायचं नाही! थोरली एक फर्मा वाचायची आणि धाकटीकडे द्यायची. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, मधे चार हातांचं बोळ. थोरलीनं झाडूच्या काठीला कपड्यांचा चिमटा बांधला होता. त्यात फर्मा अडकवायचा, काठी पुढं करायची, पलीकडून धाकटी ओढून घ्यायची. दुपारभर नुसती काठी आत-बाहेर. खालून जाणारे लोक मान वर करून बघायचे, यांचं काय चाललंय म्हणून.

एकच नियम होता. धाकटीचा फर्मा वाचून होईपर्यंत थोरलीनं तोंड उघडायचं नाही. ती बिचारी पदर तोंडात कोंबून बसायची.

"जाऊबाई, हसू नका तिकडं! मला कळतंय, पुढं काहीतरी आहे."

"अगं, मी कुठं हसतेय? ठसका लागलाय."

"ठसका लागलेला माणूस डोळे मिचकावत नाही."

मी काही वाचायचे नाही. शिवताना वाचायला लागलं की सुई बोटात जाते. मला दोघी येऊन सांगायच्या आणि मी दोघींचे आवाज काढून त्यांची नक्कल करायचे. थोरलीचा आवाज तर असा काढायचे, की एकदा मी खालच्या जिन्यात "अहो, पान वाढलंय" म्हटलं, तर दादा हात धुऊन वर गेला. वर काहीच शिजलेलं नव्हतं. मग थोरलीच त्याला ओरडली.

त्या कादंबरीतला दिवेवाला दिवा पुसताना शिट्टी वाजवायचा. बेसूर. आणि आमचा धाकटा भाऊही कागद कापताना शिट्टी वाजवायचा. त्याच्याहून बेसूर. धाकटी वहिनी म्हणायची, "तो लेखक आपल्या खिडकीखाली उभा राहून लिहितो वाटतं." भाऊ म्हणायचा, "मग मला मानधन का नाही पाठवत?" नव्या भागाचा पहिला फर्मा हाती आला, की धाकटी आधी पानं भराभर चाळून शिट्टी कुठं आहे ते शोधायची. सापडली की मग पहिल्या ओळीपासून वाचायला बसायची.

तो भाऊ गेला. साध्या तापानं. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता गेला.

घर गप्प झालं. धाकटीला त्रास नको म्हणून आम्ही त्याचं नावसुद्धा काढत नव्हतो. दादानं यंत्रावर दुसरा माणूस ठेवला आणि पहिल्याच दिवशी त्याला बजावलं, "इथं शिट्टी वाजवायची नाही." भावाचा पेला थोरलीनं मागच्या फळीवर सरकवला. जेवताना कुणी चुकून "त्याला हे आवडायचं" म्हणायला गेलं, की दुसरा लगेच म्हणायचा, "मीठ दे गं जरा."

अशात कादंबरीचा नवा भाग आला. धाकटी स्वतः खिडकीत येऊन उभी राहिली, कितीतरी दिवसांनी.

"जाऊबाई, आलाय ना? द्या की."

थोरलीला बरं वाटलं. चिमटा बांधला, पहिला फर्मा गेला, दुसरा गेला, आणखी काही गेले. दिवेवाला होता, शिट्टी होती. धाकटी एकदा हसलीसुद्धा. मग थोरलीनं पुढचा फर्मा उघडला, आणि त्यात दिवेवाल्याला ताप आला. ती वाचत गेली. सोळा पानं पुरी होईतो माणूस गेला होता.

थोरली तो फर्मा मांडीवर घेऊन बसून राहिली. समोरच्या खिडकीत धाकटी उभी. "झाला का हो वाचून? किती वेळ!"

आता तुम्ही काय केलं असतं? थोरलीनं काय केलं, तर फर्मा पटकन पिठाच्या डब्यात दडवला आणि म्हणाली, "अगं, मांजरानं घोटाळा केला! सरसाचं भांडं सांडलं. तो फर्मा पार विटेसारखा घट्ट झालाय."

"म्हणजे? मग त्यात काय होतं?"

"काही नाही गं. वादळ. सोळा पानं नुसतं वादळ. मीच कंटाळले वाचताना. हा घे पुढचा."

बाकीच्या प्रती तोवर गठ्ठे बांधून रवाना झाल्या होत्या. दादानं मांजराला असं काही झापलं, की ते रुसून कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे राहायला गेलं. आमच्या दारावरून जायचं, पण मान फिरवून! निरपराध जीव, किती मनाला लागलं असेल त्याच्या. पाववाल्याकडे मात्र ते इतकं लठ्ठ झालं, की त्याला दारातून बाहेर काढायला दोन माणसं लागायची.

धाकटीनं पुढचे सगळे फर्मे वाचले. गोष्ट एक वर्ष पुढं गेली होती. दीपगृहात बायको होती, मुलगी होती, दिवा होता. दिवेवाला नव्हता. कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. त्या लेखकानं ते मुद्दामच तसं लिहिलेलं. जेवायला बसतात, समुद्राकडे बघतात, हवेबद्दल बोलतात, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ज्यानं तो ताप वाचलाय, त्याला त्या गप्प बसण्यातलं सगळं कळावं. पण धाकटीनं ताप कुठं वाचला होता? तिनं वादळ ऐकलं होतं.

शेवटचा फर्मा संपवून ती खिडकीत आली.

"जाऊबाई, हा लेखक विसरला की हो!"

"काय विसरला?"

"दिवेवाल्याला. इतके भाग ज्याच्या जीवावर चालले, त्या माणसाला चक्क विसरला. गेला म्हणून लिही, पळाला म्हणून लिही, बुडाला म्हणून लिही. एक ओळ तरी? आणि ती बायको बघा, मजेत मासे साफ करतेय!"

थोरलीच्या तोंडाशी आलं होतं. ती पुष्कळ वर्षांनी मला म्हणाली, "वन्सं, जीभ उचललीसुद्धा मी. पण तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, आज नको. जरा सावरू दे, मग सांगू."

"मी नाही वाचणार यापुढं," धाकटी म्हणाली. "भिकार म्हणून नाही हं. भिकार तर मागचा भागही होता, तरी मी दोनदा वाचला. पण माणसाला असं विसरून जाणाऱ्याच्या घरी मी पुन्हा कशाला जाऊ?"

खिडकी लावून घेतली. वारा सुटलाय म्हणाली. वारा नव्हता.

वर्ष सरायच्या आत ती बहिणीच्या गावी गेली. तिथल्या शाळेत शिवणकाम शिकवायला लागली. आम्ही राहा म्हटलं, पण ज्या आवाजात म्हणायला हवं होतं त्या आवाजात म्हटलं नाही. जाताना तिनं मागच्या फळीवरून तो पेला काढून आपल्या पिशवीत ठेवला. आम्ही सगळे बघत होतो.

कादंबरी काही थांबली नाही. दिवेवाल्याशिवाय तिचं पार पाणी झालं. मुलीचं लग्न लांबवता लांबवता लेखकानं तीन भाग काढले, मग एक चोरलेला हिरा आणला, मग जुळे भाऊ आणले. छापखानेवाला म्हणायचा, लोक मेले वाचेनात. थोरली मात्र वाचायची. एक फर्मा संपला की खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, त्यावर वजन म्हणून बत्ता. समोरच्या बिऱ्हाडात आता भाडेकरू, त्यांची खिडकी बंद. संध्याकाळी कट्ट्यावरचे फर्मे गोळा करून मीच खाली आणून शिवायचे. म्हटलं, "वहिनी, इतकं कंटाळवाणं आहे तर सोडा की." तर म्हणायची, "बघू, पुढच्या भागात सुधारेल."

मग थोरली आजारी पडली. उठणं बंद झालं, तेव्हा तिनं मला जवळ बोलावून सगळं सांगितलं. पिठाचा डबा, मांजर, वादळ, सगळं. गादीखाली तो फर्मा होता, कडा पिवळ्या पडलेल्या, घडीत अजून पीठ. म्हणाली, "तिला बोलावून घ्या, वन्सं."

धाकटी आली. केस पांढरे झालेले, पण चाल तीच, धपधप. थोरली उशीला टेकून होती. मी फर्मा धाकटीच्या हातात दिला. ती खिडकीपाशी गेली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सोळाच्या सोळा पानं वाचली. खोलीत पान उलटल्याचा आवाज तेवढा.

"यात वादळ कुठाय?" ती म्हणाली.

"नाहीये," थोरली म्हणाली.

"याच्या बायकोनं शेवटी काय केलंय, वाचलंत ना? त्याला ओठांचा चंबू करता येईना, म्हणून ती त्याच्या कानाशी शिट्टी वाजवते. येत नसताना. नुसती हवा निघते तिच्या तोंडून."

"वाचलंय गं."

"मीही वाजवली होती, जाऊबाई. त्या दिवशी. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, लोक म्हणतील बाईला वेड लागलं."

थोरली म्हणाली, "तुला त्रास होईल, म्हणून लपवला."

"त्रास काय, होता तेवढा होताच. पण मला वाटलं, सगळे विसरले. लेखक विसरला, तुम्ही विसरलात. घरात कुणी नाव काढेना."

"तुझ्यासाठी काढत नव्हतो."

"आणि मी तुमच्यासाठी रडत नव्हते."

मग धाकटीनं चष्मा पुसला. "पुढं किती भाग आले?"

"पुष्कळ. सगळे भिकार."

"मग तुम्ही कशाला वाचलेत?"

"खिडकीत ठेवायला काहीतरी हवं ना गं."

धाकटीनं फर्मा माझ्या हातात दिला. म्हणाली, "वन्सं, हा जिथला तिथं शिवून द्या." मी खाली जाऊन त्या भागाची पाठ उसवली. पुस्तक इतकी वर्षं त्या जागी सैलच होतं, फर्मा बरोबर बसला. ते पुस्तक ती घेऊन गेली. पुढचे भाग मात्र तिनं नेले नाहीत. मी कापडात बांधून तयार ठेवले होते, तर गाठ दाबून बघितली आणि म्हणाली, "राहू दे. आता काठी कोण धरणार?"

झालं. संपली गोष्ट. काय रे, असं काय बघताय? दात मोजताय होय?

बरं. एक गोष्ट पदरची आहे. एकच.

धाकटीची गाडी वाटेत बंद पडली होती. ती पोचली तेव्हा थोरलीला जाऊन एक दिवस झाला होता. त्या उशीला कुणी टेकलेलं नव्हतं. अभ्रा मीच सकाळी बदलला होता. धाकटीनं खिडकीत उभं राहून फर्मा वाचला आणि रिकाम्या पलंगाकडे बघून विचारलं, "यात वादळ कुठाय?" आणि माझ्या तोंडून थोरलीच्या आवाजात निघून गेलं, "नाहीये."

मी घाबरले. वाटलं, आता ही माझ्यावर ओरडणार. पण ती वळलीसुद्धा नाही. पलंगाकडेच बघत पुढं बोलत राहिली, आणि मी उत्तरं देत राहिले. त्रास होईल म्हणून लपवला, हे थोरली मला स्वतः म्हणाली होती. भाग भिकार आहेत, हेही तिचंच. ते खिडकीत ठेवायचं तेवढं माझं. पण ती तेच म्हणाली असती. असती ना?

बाकाचं मात्र अगदी खरं आहे. त्या कारकुनाच्या घरी जाऊन बघा, अजून पाहुणे त्याच्यावरच बसतात.