कान तुटलेला मापाचा कप

मित्रांनो, ओट्यावर पिंपाच्या शेजारी जो जुना कप पालथा घातलेला दिसतो, तो मी. माझा कान तुटलेला आहे, काठाचा टवका उडालेला आहे. तरीही या स्वयंपाकघरात माझ्यावाचून पान हलत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

भट्टीतून तावून सुलाखून निघालो, तेव्हा मी दिसायला देखणा होतो. आम्ही सहा भावंडे या घरच्या थोरल्या सुनेच्या लग्नात भेट म्हणून आलो. पाहुण्यांपुढे मिरवायचे, एवढेच काम. मग एकदा धुताना नळावर आपटून माझा कान गेला. आता कचऱ्याची वाट, असे मला वाटले. पण थोरली शाळेचे गणवेश शिवणारी. चिंध्यांचीही उशी करणारी बाई मला कसची टाकते! तिने मला मापाला बसवले. जितकी माणसे, तितके कप. पाणी उकळताना पातेल्यावर झाकण. कॉफीच्या बरणीत कोरडाच चमचा. माझ्या राज्यात चहाचा एक घोटही मोरीत गेला नाही. भावंडे अजून कपाटात मिरवतात, मिरवोत बापडी.

पुढे घरात धाकटी जाऊ आली. दोघी जावांचे नवरे छापखान्यात कामाला, त्यामुळे दिवसभर घर या दोघींचे. धाकटी कॉफी पिणारी. घरचा चहा तिने कधी चाखला नव्हता. थोरली मात्र गाळण्यातला चोथा धुऊन, वाळवून चहाच्या जुन्या डब्यात भरून ठेवी. तो गॅलरीतल्या मिरचीच्या कुंड्यांसाठी असे. धाकटीने तो वाळवताना पाहिला, कुंडीत घालताना पाहिला नाही. विचारायला ती बिचकली. एकच पावडर दोनदा उकळायची ही या घरची रीत असावी, असे तिने मनाशी धरले.

एका दुपारी थोरली गणवेश पोचवायला गेली होती. तेवढ्यात धाकटीचे वडील लेकीला भेटायला आले. ते बसचे ड्रायव्हर, पाळी संपवून खाकी कपड्यांतच आलेले. धाकटीचा हात वरच्या, ताज्या पावडरीच्या डब्याकडे गेला. पण थोरली काय म्हणेल या धास्तीने तिने हात मागे घेतला आणि खालचा डबा उघडला. माझे माप चोख होते, पण बिचाऱ्या पाण्याला रंगच चढेना. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

वडिलांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"पोरी, तुला इथं पोटभर मिळतं ना?"

"मिळतं की, बाबा."

"मग हा चहा असा कसा?"

"इथं असाच करतात," म्हणताना तिचे डोळे भरून आले.

"बॅग भर," वडील हळूच म्हणाले. "घरी चल माझ्याबरोबर."

गणवेश पोचवून परतलेली थोरली दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती सरळ ओट्यापाशी आली, पातेल्यातला घोटभर चहा तिने चाखला आणि मग तिची नजर उघड्या डब्यावर गेली.

"अगं, हा मिरच्यांचा खुराक आहे. तुला काय वाटलं, आम्ही हे पितो?"

धाकटीने खाली मान घालून होकार दिला.

"आणि माझ्या भीतीनं तू तो बाबांना दिलास?"

मित्रांनो, थोरलीचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटले.

"काका, हिची काही चूक नाही," ती म्हणाली. "मोजायचं कसं ते मी हिला शिकवलं. का मोजायचं ते सांगायचं राहूनच गेलं. या, आधी माझ्या मिरच्या बघा. मग न्यायचं तर खुशाल न्या."

कुंड्या लाल मिरच्यांनी लगडल्या होत्या. आत येऊन थोरलीने वरचा डबा आणि मला धाकटीच्या हातात दिले. "तू कर. बाबांना आवडतो तसा."

धाकटीने दोन कप पाणी घातले आणि ती थांबली.

"आणखी एक," थोरली म्हणाली.

"कुणाचा, ताई? मी तर कॉफीवाली."

"तुझ्या बाबांचाच. ड्रायव्हर माणूस एका कपावर उठतो होय?"

वडील हसले. दोन्ही कप त्यांनी मिटक्या मारत संपवले आणि बॅगेचे नाव पुन्हा काढले नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, काटकसर जरूर करा. झाकण ठेवा, मोजून घाला, चोथा झाडांना द्या. पण घरात नवे माणूस आले की आपण हे सारे का करतो, ते त्याला जवळ बसवून सांगा. माप पाण्याला लावा, पाहुण्याला लावू नका.