तुटलेल्या पट्ट्याला दिलेलं उत्तर

मित्रांनो, कोणी जुना मोबाइल म्हटलं तरी मला राग येत नाही. मी आहेच जुना. कोपऱ्यात काचेला तडा गेलाय आणि पाठीवर गोंदाचे डाग आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. तिथले हातमोजे घातलेले हात तेवढे आठवतात. मग बरेच दिवस खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते थेट बॅगांच्या दुकानात. दुकान इनमीन दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टांगलेल्या बॅगा, मागच्या खोलीत शिलाई मशीन. मशीनवर दुकानाचे मालक बसत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

मला आणलं त्यांच्या सुनेनं. गिऱ्हाईक रोडावलं होतं, दुकान चालेल की बंद करावं लागेल अशी वेळ आली होती.

"बाबा, लोक आता आधी फोनवर बघतात, मग दुकानात येतात," ती म्हणाली.

उस्तादांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "याला शिवण कुठेच दिसत नाही. टिकेल का?"

सूनबाई रोज माझ्याकडून बॅगांचे फोटो काढून घेत आणि खाली लिहीत, 'आजच या! आजच घ्या!' लोक फोटोंना अंगठा दाखवत. आणि खरोखरच अंगठा दाखवत, कारण दुकानात कोणी फिरकत नसे.

एके सकाळी माझ्या पडद्यावर एका आईचा मजकूर उमटला. 'तुमच्या बॅगेचा पट्टा पहिल्याच आठवड्यात तुटला. वह्या चिखलात पडल्या. माझी मुलगी रडत घरी आली.'

सूनबाईंचा चेहरा उतरला. "सगळ्यांना दिसतंय हे. पुसून टाकते."

"थांब," उस्ताद म्हणाले. "पुसलं म्हणून पट्टा जोडला जाणार आहे का? आधी विचार, पोरीला लागलं तर नाही ना?"

सूनबाईंनी विचारलं. उत्तर आलं, 'लागलं नाही. ती कुबडी घेऊन चालते. त्यामुळे बॅग एकाच खांद्यावर असते.'

उस्तादांनी मला सूनबाईंच्या हातातून घेतलं. मग मला तोंडाजवळ धरून म्हणाले, "ताई, चूक माझी. मी दोन खांदे धरून शिवत आलो. विचारलंच नाही कधी कोणाला. तुमच्या लेकीशी बोलू द्याल?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी दिसली. तिनं तर फर्मानच काढलं. "आजोबा, पट्टा रुंद हवा. आणि डबा एका हातानं काढता आला पाहिजे. मधली सुट्टी अर्धी त्यातच जाते!"

उस्तादांनी तीन बॅगा शिवल्या आणि दोन उसवल्या. तिसरीचा पट्टा छातीवरून तिरका जाई, कमरेला बक्कल लागे आणि डब्याचा कप्पा बाजूनं उघडे. आठवड्यानं त्या आईनं आपल्याच तक्रारीखाली लिहिलं, 'आज डबा संपवून खेळायलाही वेळ मिळाला म्हणते.'

ती तक्रार आजही तिथेच आहे. सूनबाईंनी 'आजच घ्या' लिहिणं सोडलं. त्याऐवजी विचारलं, 'तुमची बॅग तुम्हाला कुठे टोचते?'

मग काय, मला उसंत मिळेना! पाठदुखीनं बेजार झालेला पोस्टमन लिहू लागला, व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई लिहू लागल्या. उस्ताद प्रत्येकाला उत्तर देत. कोणाला चक्क म्हणत, "नवी कशाला घेता? जुनीच आणा, चेन बदलून देतो." असा माणूस पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येई. दुकान बंद करायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही.

पुढे झकपक नवा फोन आला. महिनाभर मी खणात धूळ खात पडलो. खरं सांगतो, जीव कासावीस झाला. पण नव्या फोनवर उस्तादांचं मन रमेना. "माझी माणसं त्या जुन्यात आहेत," म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझी बॅटरी बदलून आणली. आता फोटो नवा फोन काढतो, गप्पा मी मारतो. वाटणी मला मान्य आहे.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका, ओल्या हातानं धरू नका. आणि आमच्यावर कोणी काही लिहिलं, तर ते शेवटपर्यंत वाचा. रागावून लिहिणाराही उत्तराची वाट बघत असतो.

आत्ताच माझ्या अंगात थरथर झाली. चाकाच्या खुर्चीला मागे अडकवता येईल अशी बॅग मिळेल का, असं कोणीतरी विचारतंय. उस्तादांनी मशीन थांबवलं. चष्मा पुसत ते माझ्याकडेच येत आहेत.