ऊलाँगची पहिली किटली

तापातून उठल्यावर बेकरीवालीचं नाक गेलं. म्हणजे नाक जागच्या जागी होतं, वास तेवढा गेला. पाव भाजले की नाही हे ती आता नुसत्या रंगावरून ताडायची, आणि कुणाला त्याचा पत्ता लागू द्यायची नाही. नवऱ्यालासुद्धा.

एका दुपारी केकचा अख्खा ट्रे करपला आणि ही शेजारीच उभी राहून लोणी फेटत होती. नेमकी तेव्हाच नणंद दारात. तिचं पलीकडच्या गल्लीत चहाचं दुकान होतं. एरवी जिभेला हाड नसलेली बाई, पण त्या दिवशी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी मात्र डबा आणि लहानशी किटली घेऊन हजर.

"बसा वहिनी. आज ऊलाँग पाजते."

"दूध किती घालू, वन्सं?"

"दूध घातलंत तर माहेर तोडीन!"

डब्यात पानांच्या घट्ट वळलेल्या गोळ्या होत्या. नणंद सांगू लागली, "हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला हा. खुडलेली पानं मलूल होऊ देतात, हलवत राहतात, कडा तांबूस झाल्या की शेकून तिथंच थांबवतात."

"म्हणजे कधी थांबायचं ते कळलं पाहिजे," बेकरीवाली म्हणाली.

उकळी बसल्यावर नणंदेनं पाणी ओतलं, जरा वेळानं कपांत गाळलं. "पानं टाकू नका, अजून दोन-चारदा पाणी घेतील. फुलांचा वास येतोय ना?"

"अगदी छान!"

"वहिनी, हा फुलांचा नाही. हा खरपूस भाजलेला आहे."

बेकरीवालीचा चेहरा पडला. मग डोळे भरून आले. "काही येत नाही हो वास. बेकरी हातची जाईल म्हणून बोलले नाही."

"मग जिभेनं प्या. गिळा आणि थांबा."

ती थांबली. घशात हळूच गोडवा उतरला. "साखर घातलीत?"

"कणभरही नाही."

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून नणंद आपलं दुकान उघडण्याआधी भट्टीपाशी उभी राहू लागली आणि वास आला की "काढा!" म्हणून ओरडू लागली. पुढे बेकरीवालीला आधी साबणाचा वास येऊ लागला, मग कांद्याचा. बाकीचे सावकाश आले, काही आलेच नाहीत. नणंद मात्र रोज सकाळी येत राहिली.