माझ्यावर फडकं टाकू नका

मी एक जुना व्हिडिओ गेमचा डबा आहे. खोक्यावर माझं दुसरं नाव छापलं होतं, पण घरात सगळे डबाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकिगत सांगताना हळव्या होतात असं मी ऐकून आहे. मी होणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला तेच मी सांगणार आहे.

ज्या दिवशी नुकसान कळलं त्या दिवशी मी दुरुस्तीच्या दुकानात उघडा पडलो होतो. दुरुस्तीवालीने चष्मा कपाळावर चढवला होता. समोर माझ्या मालकिणीचा नवरा काउंटरला दोन्ही हात टेकून उभा होता. तो नळ दुरुस्त करतो. त्याच्या खिशातून पान्याची मूठ बाहेर डोकावत होती.

"डबा चालेल, काका," दुरुस्तीवाली म्हणाली. "पंखा नवीन बसवलाय. पण आतली डिस्क जळालीय."

"म्हणजे?"

"म्हणजे जे काही साठवलेलं होतं ते गेलं. कोरा झालाय आता."

"सगळं गेलं?"

"सगळं. एवढा तापला कसा हो? काही झाकलं होतं का वरून?"

नळवाला बोलला नाही. बायको गेली त्या दिवशीसुद्धा तो इतका गप्प नव्हता. त्या दिवशी निदान तो दवाखान्यात सगळ्यांशी भांडला होता म्हणे. आता भांडायला समोर कुणी नव्हतं. झाकलं त्यानेच होतं.

काय गेलं ते कळायचं असेल तर माझी मालकीण कोण होती ते आधी ऐका.

मला बनवलं तिथे लांबच लांब टेबल होतं आणि दोन्ही बाजूंनी बायका बसायच्या. एकीने पंखा बसवला, एकीने तारा जोडल्या, एकीने खालचे सहा स्क्रू आवळले. पहिल्या घरी मी चार वर्षं होतो. तिथली मुलं मोठी झाली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात एका बंद घड्याळाशेजारी जाऊन बसलो. तिथे एका दुपारी माझी मालकीण आली. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायची. शर्टाचं बटण ज्यात अडकतं ते काज. दिवसाला शेकडो काजं करायची आणि एकही वाकडं जायचं नाही. तिथे तिला सगळे काजेवालीच म्हणायचे. तिने मला उचललं, उलटं केलं आणि ते सहा स्क्रू बघितले.

"हात चांगला आहे बाईचा," ती म्हणाली, आणि मला घरी घेऊन आली.

माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

तिचा आवडता खेळ एकच, डोंगर चढण्याचा. चाळीस शिखरं. दोर लावायचा, खाच शोधायची, वारा थांबेपर्यंत थांबायचं, मग पुढचा हात टाकायचा. चुकलं की खाली. त्या खेळाची एक खासियत होती. एकदा लावलेला दोर तिथेच राहायचा. पुढच्या वेळी वर गेलं की आपला जुना दोर दिसायचा. ती सगळे दोर पिवळे लावायची. खेळातल्या माणसाला ती "माझा गडी" म्हणायची आणि पडला की त्याच्यावर खेकसायची, "अरे डोळे कुठे ठेवलेस?"

कामावरून तीन वाजता यायची, पाय धुवायची, चहा घ्यायची आणि साडेचारपर्यंत खेळायची. नऊ वर्षं. एकोणिसाव्या शिखराच्या एका कड्यावरून ती दोनशेच्या वर वेळा पडली असेल. मी मोजत होतो. दरवेळी ती बोटं झटकायची आणि पुन्हा खालून सुरुवात करायची. तो कडा सर झाला तेव्हा तिने मोठ्याने हाक मारली, "अहो, या लवकर! बघा कुठे उभी आहे मी!" नळवाला हातातलं वाटण तसंच सोडून आला. दोघं मिळून खालची दरी बघत बसली.

म्हणजे घरात तो कौतुक करायचा. खोटं कशाला सांगू? पण दाराची बेल वाजली की त्याचा चेहरा बदलायचा. कपाटातून निळ्या काठाचं टेबलावरचं फडकं काढायचा, माझ्यावर टाकायचा आणि वर फुलदाणी ठेवायचा. मी टेबल नाही. पण पाहुण्यांसमोर मी टेबल होतो.

"त्याच्यावर पांघरूण कशाला घालताय?" ती विचारायची. "चोरून आणलाय का?"

"ताई आली आहे गं. उगाच विषय नको."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती वाईट नव्हती. आजारपणात जेवणाचे डबे पोचवणारी होती. पण जीभ फार तिखट. एकदा फडकं सरकलं आणि तिला मी दिसलो.

"घरात पोरं नाहीत आणि खेळणी मात्र आणलीत," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या वाक्याने खोलीत काय झालं ते मी बघितलं. नळवाला छताच्या पंख्याकडे बघत बसला. माझी मालकीण मात्र सरळ बसली. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही रोज दोन तास सिरियल बघता ना? त्यातली सून ऐकते का तुमचं?"

"ती कशी ऐकेल?"

"माझा गडी ऐकतो. मी म्हटलं वर चढ, की चढतो."

ताईला हसू आलं. तिने ते दाबलं आणि चहा मागितला. पण जाताना भावाला म्हणालीच, "हिला काहीतरी बाईमाणसाचं शिकव. विणकाम वगैरे."

कारखान्यातही तेच, तिनेच घरी सांगितलं. वर्षाच्या समारंभात साहेबाने प्रत्येकीला छंद विचारला. गाणं, बागकाम, देवदर्शन. हिचा नंबर आला तेव्हा ही म्हणाली, "व्हिडिओ गेम. चांगले खेळते." सगळं सभागृह हसलं. ही पण हसली आणि म्हणाली, "हसा. एकीने तरी पाचवा डोंगर चढून दाखवा, मग बोलू." घरी आल्यावर मात्र तिने रिमोट हातात घेतला आणि बराच वेळ काही केलंच नाही.

"पन्नाशीची बाई खेळते म्हटलं की दात काढतात," ती नवऱ्याला म्हणाली. "एक काम करा. एकदा तुम्ही सांगा लोकांना. मी सांगितलं की गंमत वाटते. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"सांगेन की," तो म्हणाला.

"चारचौघांत."

"सांगेन म्हटलं ना."

एकतिसावं शिखर झालं आणि तिचा खोकला सुरू झाला. बत्तिसाव्याच्या अर्ध्यावर एक दोर लावून ती दवाखान्यात गेली. तीन आठवड्यांनी नळवाला एकटा घरी आला.

आता माझ्या रागाचं सांगतो.

दहाव्या दिवशी घरी शोकसभा ठरली. त्या सकाळी नळवाल्याने मला चालू केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याला रिमोट नीट धरताही येत नव्हता. पडद्यावर तिचा गडी बत्तिसाव्या शिखराच्या कड्याला लटकलेला होता आणि खाली सगळीकडे पिवळे दोर. तो बघत राहिला. इतक्यात बेल वाजली. ताई आणि माणसं आली होती.

त्याने काय केलं? टीव्ही बंद केला. मला चालूच ठेवलं. आणि सवयीने फडकं टाकलं.

त्यावर फुलदाणी नाही, या वेळी तिचा फोटो ठेवला. माझ्यावर. जिने मला कधी झाकलं नाही तिचा फोटो माझ्या झाकणावर ठेवून लोक नमस्कार करू लागले. माझ्या हवेच्या जाळ्या बंद झाल्या. मी पंखा जोरात फिरवला.

"कसला आवाज येतोय?" कुणीतरी विचारलं.

"फ्रिज असेल," नळवाला म्हणाला.

मी लाल दिवा लावला. फडक्याखाली तो कुणाला दिसणार? मग ताई उठली. तिच्या हातात छापलेलं पान होतं, प्रत्येकाला एकेक वाटलेलं. दोन दिवस आधी तिने भावाला विचारलं होतं, आवडीनिवडीत काय लिहू? तो म्हणाला होता, लिही तुला सुचेल ते. ताईला जे सुचलं ते तिने वाचलं. "शांत स्वभावाची. वाचन आणि विणकाम यांची मनापासून आवड."

शांत? गड्यावर खेकसणारी बाई? वाचन? ती दुकानाची पाटीसुद्धा अर्धी वाचून सोडून द्यायची. आणि विणकाम! दिवसभर सुईसमोर बसून आलेली बाई घरी सुईचं तोंड बघत नव्हती. स्वतःच्या ब्लाउजचं तुटलेलं हुकसुद्धा नवऱ्याकडून शिवून घ्यायची. तिने नऊ वर्षं ज्यासाठी बोटं झिजवली ते तिच्या फोटोखाली भाजत होतं आणि माणसं माना डोलावत होती. नळवाल्याला माहीत होतं. तो उभा राहून एक वाक्य बोलू शकला असता. चारचौघं समोरच बसली होती. तो खाली बघत राहिला.

दोन तास. शेवटी जळका वास आला आणि मी बंद पडलो. लोकांना वाटलं उदबत्तीचा असेल.

तर दुकानात नळवाला गप्प उभा होता तो यामुळे. दुरुस्तीवालीने माझं झाकण लावलं आणि विचारलं, "काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

"दोर होते," तो म्हणाला.

"कसले दोर?"

"डोंगराचे. पिवळे. माझी बायको खेळायची. एकतीस शिखरं झाली होती तिची."

दुरुस्तीवालीने चष्मा खाली घेतला. "एकतीस? एकोणिसावा कडा चढल्या होत्या? मी तीन वर्षं तिथेच अडकलेय हो."

नळवाला तिथेच काउंटरवर डोकं टेकून रडला. मला त्याची दया आली नाही. पण हेही सांगतो, त्या वेळी तो पहिल्यांदा खरं बोलला होता.

माझ्यात नवी डिस्क बसवून आता तो रोज दुपारी तोच खेळ खेळतो. वाईट खेळतो. पहिल्या शिखराला त्याला नऊ दिवस लागले. त्याचे दोर तांबडे आहेत. पिवळे लावायला त्याचा हात होत नाही. गेल्या आठवड्यात ताई आली. तिच्यामागून शेजारीण येत होती, तसा ताईने आपणहून फडक्याला हात घातला.

"राहू दे ते," नळवाला म्हणाला.

"अरे, बाहेरची माणसं येतायत."

"येऊ देत. ताई, तिला विणकाम येत नव्हतं."

"सुईचंच तर काम करायची."

"ते पोटासाठी. आवड ही होती." त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला. "मी तुला सांगितलं नाही. चूक माझी."

"मग काय, पानात हे छापायचं होतं? लोक हसले असते."

"तिला लोक हसलेले चालायचे. मलाच चालत नव्हते."

ताईने फडक्याची घडी करून ते पिशवीत घातलं आणि जाताना घेऊन गेली. शेजारीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती हसली नाही.

मित्रांनो, माझी जाळी महिन्यातून एकदा पुसा. मी चालू असताना माझ्यावर काही ठेवू नका. आणि तुमच्या घरात आई, आजी, काका, कुणीही मनापासून खेळत असेल तर पाहुणे आले म्हणून त्यांना थांबवू नका. विचारा, कितवं शिखर? त्यांना सांगायचं असतं. माणूस गेल्यावर विचारून उपयोग नाही. तिच्यापुरता मी आतून कोरा आहे, मला विचारलंत तर मीही दाखवू शकणार नाही.

शोकसभेतलं एक पान, मी ऐकून आहे, कारखान्यात तिच्या काजाच्या मशीनवरच्या भिंतीला चिकटवलं आहे. त्यावर अजून विणकामच लिहिलं आहे. नळवाला तिथे अजून गेलेला नाही.